मागच्या सीटवर तीन चाइल्ड सीट: पाच जणांच्या गाडीत कोणी बसवल्यात का?

मांजलपूरकरीण | रविवार, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी. इतके दिवस नुसती वाचत होते, आज गरज पडली म्हणून धागा काढतेय. जरा लांबेल, सांभाळून घ्या.

घरात तीन मुलं. लेक साडेपाच वर्षांची, वजन १७ किलो, उंची १०८ सेंमी. खालची जुळी, आठ महिन्यांची, दोघांचंही वजन आठ किलोच्या आसपास. गाडी चार मीटरच्या आतली, पाच जणांची, दोन वर्षांपूर्वी घेतलेली. आम्ही बडोद्यात, माझं माहेर अहमदाबादला, मणिनगरात, त्यामुळे महिन्यातून एकदा तरी एक्स्प्रेसवे होतोच. आत्तापर्यंत हे गाडी चालवायचे, मी आणि सासूबाई मागे, दोघींच्या मांडीवर एकेक बाळ आणि आमच्या मधे लेक. तीही बसलेली कमी, दोन्ही पुढच्या सीटांच्या मधून डोकं काढून उभीच जास्त.

गेल्या महिन्यात परत येताना नडियाद सोडल्यावर रस्त्यात ट्रकच्या टायरचं भलंमोठं साल पडलेलं होतं. यांनी ब्रेक दाबला. धडक झाली नाही, मागूनही कोणी ठोकलं नाही. नुसता ब्रेक. लेक फटीतून पुढे गेली आणि गिअरच्या दांड्यावर आपटली. मांडीवरचं बाळ मी घट्ट धरलंय असं मला वाटत होतं. प्रत्यक्षात ते पुढच्या सीटच्या पाठीला जाऊन टेकलं होतं आणि माझ्या मुठीत फक्त त्याच्या झबल्याची कड होती. लेकीला टेंगूळ आलं, तेवढ्यावर निभावलं. पण ती कड अजून माझ्या बोटांना जाणवते. त्या रात्री आम्ही दोघांनी ठरवलं की तिन्ही मुलांना सीट घ्यायच्या आणि त्याशिवाय गाडी काढायची नाही.

आता अडचण. दोन दुकानं फिरले. दोन्हीकडे एकच उत्तर, "बेन, तीन नहीं आयेंगे, बड़ी गाड़ी ले लो." मोठी गाडी आत्ता घेणं शक्य नाही. घरी येऊन टेपने मोजलं तर मागे एका दरवाज्यापासून दुसऱ्या दरवाज्यापर्यंत १२७ सेंमी भरले. दुकानातल्या बहुतेक सीट ४४ सेंमी रुंद. तीन चोक बारा आणि तीन चोक बारा, १३२. पाच सेंमी कमी पडतात. मधल्या जागेलाही खांद्यावरून येणारा पूर्ण पट्टा आहे, आयसोफिक्सच्या, म्हणजे चाइल्ड सीट थेट गाडीला अडकवायच्या, कड्या मात्र दोन्ही कडांनाच आहेत.

कोणी केलंय का हे? गाडी विकण्याशिवाय काही मार्ग आहे का?


हातोडी_पाना | रविवार, रात्री ११:२५

ताई, आधी बाळं सुखरूप आहेत हे वाचून बरं वाटलं. मी मकरपुऱ्यात एका कारखान्यात जिग-फिक्स्चरचं काम बघतो. वस्तू जागेत बसवणं हाच माझा रोजचा धंदा, आणि भाचरांसाठी हा उद्योग मी दोनदा केलेला आहे.

१२७ हा आकडा नेमका कुठे मोजलात? हातटेकूपाशी, म्हणजे दरवाजा जिथे सर्वात आत येतो तिथे मोजला असेल तर तो बहुधा सर्वात वाईट आकडा असतो. हातटेकूच्या वर काचेखाली, आणि खाली गादीवर बूड टेकतं तिथेही मोजा. तिन्ही आकडे वेगळे येतील. सीटसुद्धा वरपासून खालपर्यंत एकाच मापाची नसते. ४४ हे तिच्या सर्वात फुगीर भागाचं माप, तळाला ती बऱ्याचदा त्याहून बरीच कमी असते.

आता मुख्य गोष्ट. तुमच्या जुळ्यांना मागे तोंड करूनच बसवायचं आहे, त्यात दुमत नाही. उलट्या सीटचा रुंद भाग, म्हणजे बाळाच्या डोक्या-खांद्यांचा, गाडीत पुढच्या बाजूला येतो. लेकीच्या पाठवाल्या बूस्टरचा, म्हणजे मुलाला उंच करून गाडीचाच पट्टा नीट बसवणाऱ्या सीटचा, रुंद भाग मागे, बाकाच्या पाठीला लागून येतो. म्हणजे उलटी, सुलटी, उलटी अशा लावल्या तर एकीची रुंदी जिथे तिथे दुसरी अरुंद असते. फणसाचे गरे फणसात बसतात तसं. दोन उलट्या शेजारी लावल्यात तर खांद्याला खांदा घासणार. त्यामुळे तीन रुंद्यांची नुसती बेरीज करून उत्तर मिळत नाही.

दुसरं, आयसोफिक्स. सगळे त्याच्या मागे लागतात, आणि ते चांगलं आहेच, पट्ट्यापेक्षा चूक व्हायला जागा कमी. पण त्याच्या दोन कड्यांमधलं अंतर २८ सेंमी ठरलेलं आणि जागाही ठरलेली. सीट तिथेच बसणार, दरवाज्याकडे दोन बोटंही सरकणार नाही. पट्ट्याने बांधायची सीट मात्र दरवाज्याकडे दोन-तीन सेंमी ढकलून मग आवळता येते. तीन लावायच्या असतील तर हे दोन-तीन सेंमी सोन्याचे.

तिसरी गोष्ट सर्वात चिवट आहे, बकल. माझा अनुभव असा की तीन सीटचं गणित रुंदीवर क्वचित अडतं, बकलपाशी अडतं. सीट आत जाते, आणि मग लक्षात येतं की मधल्याचं बकल शेजारच्या सीटच्या बुडाखाली गेलंय आणि तिथे हातच जात नाही. उद्या उजेडात गाडीत बसून एवढंच बघा की तिन्ही बकलं बाकातून कुठून बाहेर येतात, कोणतं कोणाच्या शेजारी आहे आणि दांडी ताठ आहे की कापडी.


बडोदे_ते_लीड्स | सोमवार, पहाटे ३:१०

माझा जन्म दांडिया बाजारातला, आता इंग्लंडात. इथे मुलाला सीटशिवाय दवाखान्यातून गाडीने घरी न्यायचा कोणी विचारही करत नाही, त्यामुळे तीन मुलांच्या आयांमध्ये हा रोजचा विषय.

सीटवरचं नारिंगी लेबल वाचायला शिक. त्यावर इथल्या मानकाचं नाव असतं, आर४४ तरी असेल किंवा आर१२९. आर४४ मध्ये वजनाचे गट आहेत: ० प्लस म्हणजे १३ किलोपर्यंत, पहिला गट ९ ते १८, दुसरा १५ ते २५, तिसरा २२ ते ३६. आर१२९ नवीन, २०१३ पासूनचा, त्यात उंची बघतात, बाजूच्या धडकेचीही चाचणी होते आणि बाळ किमान १५ महिन्यांचं होईपर्यंत मागे तोंड करूनच बसवावं लागतं. आय-साइझ, म्हणजे या आर१२९ मधल्याच एका प्रकारच्या, सीटची रुंदी ४४ सेंमीच्या आत ठेवलेली असते, तुला दुकानात सगळीकडे तोच आकडा दिसला त्याचं कारण हेच. भारताचं स्वतःचं मानक एआयएस-०७२. यांतलं काहीच छापलेलं नसेल, नुसतं "सेफ्टी टेस्टेड" असेल, तर ती सीट घेऊ नकोस.

इथे मल्टिमॅक नावाचा एक प्रकार मिळतो, अख्ख्या मागच्या बाकावर बसणारी तीन किंवा चार मुलांची एकच सलग सीट. तुला ती उपयोगाची नाही, महाग आणि जड आहे. पण बाकाच्या मापात तीन मुलं बसतात हे समजायला तिचे फोटो बघ.

वापरलेली सीट ओळखीतली असेल तरच घे. गाडीला धडक बसून गेलेली सीट बाहेरून धड दिसते, आत तडा असू शकतो. तळाला बनल्याची तारीख आणि बऱ्याच सीटवर वापराची मुदतही कोरलेली असते, तीही बघ.


रावपुऱ्याचे_आजोबा | सोमवार, सकाळी ७:०५

मुली, तुझं लिहिलेलं वाचून काळजात चर्र झालं. पण एक विचारतो, रागावू नकोस. तीन सीट लावल्या की मागे माणसाला जागा उरली नाही. तू पुढे बसणार. मग तुझ्या सासूबाई कुठे बसणार? आमच्या घरात गाडी आली तीच आजी-आजोबांना डाकोरला नेता यावं म्हणून. नातवंडं मांडीवर घेऊन सुरसागर तलावाला फेरी मारायची, खिडकीतून मध्यावरचा शंकर दाखवायचा, हे सुख काय असतं ते आमच्या वयाला कळतं. एक्स्प्रेसवेवर सीट हवी, मान्य. पण गावात, मांडवीपासून खंडेराव मार्केटपर्यंत, तीसच्या वर काटा जात नाही. तिथेही बाळाला असं बांधून ठेवायचं का? तुमच्या पिढीला आम्ही सुरक्षित वाटत नाही की काय, असं मनात येतं.


हातोडी_पाना | सोमवार, सकाळी ८:५०

आजोबा, तुमच्या मायेबद्दल कोणाच्याच मनात शंका नाही. प्रश्न हातांच्या ताकदीचा आहे, आणि तिथे माझे हातही कमीच पडतील.

आठ किलोचं बाळ, गाडी ताशी ५०. धडकेत गाडी साधारण सेकंदाच्या दहाव्या भागात थांबते असं धरा. तेवढ्या वेळात ते बाळ धरून ठेवायला लागणारा जोर ११० किलोचं ओझं पेलण्याएवढा होतो. सिमेंटच्या दोन गोण्या, त्याही बेसावध असताना. तुम्ही म्हणता त्या ३० च्या वेगालाही तो ६८ किलोच्या आसपास येतो. शंभरला सव्वादोनशे. मांडीवर घेणाऱ्याने स्वतः पट्टा लावलेला नसेल तर त्याचं वजन मागून बाळावर येतं ते वेगळं. आणि एकाच पट्ट्यात दोघं असतील तर पट्टा बाळाच्या पोटात रुततो.

सप्टेंबर २०२२ मध्ये पालघरजवळ सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्रींच्या गाडीला अपघात झाला, आठवत असेल. आपला मुंबईला जायचा रोजचा रस्ता. गाडी महागडी होती, मजबूत होती. मागे बसलेल्या दोघांनी पट्टे लावले नव्हते आणि तेच दोघं गेले. मागची सीट आपोआप सुरक्षित असते हा समज त्या दिवसापासून मी सोडला.

कायदाही आहे. मोटार वाहन कायद्याचं कलम १९४ ब, १ सप्टेंबर २०१९ पासून लागू: चौदा वर्षांखालचं मूल पट्ट्याने किंवा चाइल्ड सीटने बांधलेलं नसेल तर १,००० रुपये दंड. पण दंडासाठी कोण करतं हे? त्या झबल्याच्या कडेसाठी करायचं.


जर्सीवाली_मावशी_बडोद्यात | सोमवार, दुपारी १२:३०

मी एक चूक करून बसले आहे, ती तुझ्या हातून होऊ नये म्हणून लिहिते.

माझ्या बहिणीने न्यू जर्सीहून येताना एक अरुंद सीट आणली. तिकडे तीन सीटवाल्यांसाठी मुद्दाम ४२-४३ सेंमीच्या सीट मिळतात. इथे आणून पट्ट्याने बांधली, दाबून आवळली, आणि दुसऱ्या दिवशी बघते तर ढिली. कारण कळायला आठवडा गेला. अमेरिकेतल्या गाडीत पट्टा पूर्ण बाहेर ओढून सोडला की तो तिथेच लॉक होतो, परत सैल होत नाही. आपल्याकडच्या बहुतेक पट्ट्यांना ती सोय नाही. ते फक्त झटका बसला की अडकतात, एरवी मोकळे फिरतात. त्यामुळे इथे पट्ट्याने बांधायची सीट घेताना तिच्या अंगावरच पट्टा चिमटीत पकडणारं लॉक आहे का ते बघावंच लागतं. युरोपी सीटना बऱ्याचदा असतं. मला शेवटी कडेच्या जागी तिचे हुक आयसोफिक्सच्या कड्यांना लावून काम भागवावं लागलं, मधे लावायचा बेत फसला.

बांधून झाली की जिथून पट्टा जातो तिथे हाताने धरून हलव. इकडेतिकडे अडीच सेंमीपेक्षा जास्त हलली तर ती बांधलेली नाही असंच समज.


सात_सीटर | सोमवार, दुपारी ४:१५

आम्ही सरळ एर्टिगा घेतली, तीन मुलं म्हटल्यावर. पण त्यानेही सगळं सुटत नाही. मोठ्याला तिसऱ्या रांगेत बसवलं तर तिथे आयसोफिक्स नाही, तो बूस्टरवर असल्याने चालतं, पण त्याने पट्टा काढला तर माझा हात पोचत नाही. सामानाची जागा जाते ती जातेच. आणि मागच्या रांगेत शिरायचं तर मधली सीट पुढे पाडावी लागते, तिच्यावर चाइल्ड सीट बांधलेली असेल तर ती पडतच नाही. शेवटी आम्हीही मधल्या रांगेतच दोन लावून एक जागा वाट म्हणून मोकळी ठेवली.

दुसरा एक पर्याय म्हणून विचारतो, एक बाळ पुढच्या सीटवर उलटं बसवलं तर?


बडोदे_ते_लीड्स | सोमवार, संध्याकाळी ५:००

पुढे एअरबॅग चालू असेल तर उलटी सीट कधीही नाही. एअरबॅग फुटते ती थेट बाळाच्या डोक्यामागे, सीटच्या पाठीवर. गाडीत एअरबॅग बंद करायचं किल्लीचं बटण असेल आणि ती बंद आहे याचा दिवा समोर दिसत असेल तरच विचार करायचा, आणि तोही दुसरा काहीच इलाज नसेल तर. पुढे बसवायचंच झालं तर सर्वात मोठ्या मुलाला, बूस्टरवर, सीट पूर्ण मागे सरकवून. पण १०८ सेंमीच्या मुलीला मी मागेच ठेवेन.


मांजलपूरकरीण | मंगळवार, रात्री ११:१०

सगळ्यांचे मनापासून आभार. आजोबा, रागावले नाही. तुमचा प्रतिसाद मी सासूबाईंना वाचून दाखवला. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "नडियादला माझ्या मांडीवरचं वाचलं ते मी सीटला पाय रोवून बसले होते म्हणून. माझे गुडघे पुढच्या वेळी ऐकतील याची खात्री कोण देणार?" अहमदाबादला त्या सकाळच्या इंटरसिटीने येणार, दोनेक तासांचा प्रवास, स्टेशनवर माझा भाऊ घ्यायला येईल. हे त्यांनीच सुचवलं. मला मात्र अजून ते टोचतंय.

मोजमापं: हातटेकूपाशी १२७, त्याच्या वर १३४, गादीवर १२५. डाव्या जागेचं बकल तिच्या उजव्या बाजूला, मधल्याकडे. मधल्याचं आणि उजवीकडचं बकल एकमेकांना अगदी खेटून, उजवीकडे. म्हणजे मधे लेक बसली तर तिच्या उजव्या मांडीपाशी दोन बकलं येतात. अंधारात दोनदा चुकीचं लावून बघितलं, लागतच नाही, बरं झालं.

दुकानात बाळाची उचलून न्यायची पाळण्यासारखी सीट लावून बघितली. नुसत्या पट्ट्याने बांधायला गेलो तर पट्टा मागून वळसा घेऊन बकलापर्यंत पोचलाच नाही, चार बोटं कमी पडला. आता?


हातोडी_पाना | मंगळवार, रात्री ११:४५

पट्टा कमी पडतो हे बऱ्याच गाड्यांत होतं. बाजारात पट्टा लांबवायचे जोड मिळतात, ते लावू नका. त्याने बकल भलत्या जागी येतं आणि धडकेत सीटच्या प्लास्टिकवर दाब पडून उघडू शकतं.

त्याऐवजी त्या पाळणा-सीटचा वेगळा बेस मिळतो का विचारा. बेस गाडीत कायम बांधलेला राहतो आणि पाळणा त्यावर टक्कन बसतो. बेसमधून पट्टा सरळ आडवा जातो, सीटभोवती वळसा नाही, त्यामुळे लांबी पुरते. काही बेस पट्ट्याने आणि आयसोफिक्सने, दोन्हींनी बसतात.

बकलांची जागा बघून माझं मत असं. उजवीकडे, ड्रायव्हरच्या मागे, बेस आयसोफिक्सवर लावा. मग तिथलं बकल वापरातच येणार नाही आणि मधल्याच्या बकलाला ऐसपैस जागा मिळेल. डावीकडचा बेस पट्ट्याने, दरवाज्याकडे जितका जाईल तितका ढकलून. मधे लेक, अरुंद पाठवाल्या बूस्टरवर. पाठ नसलेला पाट तिला नको, आता नवे तसे बूस्टर १२५ सेंमीच्या वरच्या मुलांसाठीच मंजूर होतात. बेसला खाली टेकू-पाय असेल तर पायाखाली गाडीच्या फरशीत सामानाचा पोकळ कप्पा नाही ना तेवढं तपासा. रविवारी मी मोकळा आहे, बोलवा.


गरनाळ्यापलीकडे | बुधवार, सकाळी ९:२०

मधे एक आमच्या गावच्या उन्हाचं. मे महिन्यात गाडी तासभर उन्हात राहिली की पट्ट्याच्या धातूच्या जिभेने मांडीला चटका बसतो. आमच्या धाकट्याला बसला होता, फोड आला. उतरताना सगळ्या सीटवर पांढरं सुती फडकं टाकायचं, बसवण्याआधी काढायचं आणि जीभ आपल्या मनगटाला लावून बघायची. जाड गाद्या, उशा, वेगळे घेतलेले पट्ट्याचे मऊ खोळे बाळाच्या पाठीखाली घालायचे नाहीत, त्याने पट्टा सैल राहतो. आणि दोन मिनिटांसाठीसुद्धा मुलांना बंद गाडीत ठेवायचं नाही. फरसाण घ्यायला उतरायचं असेल तर एकानेच उतरायचं.


मांजलपूरकरीण | रविवार, रात्री ९:३०

बसल्या. तिन्ही बसल्या!

सविस्तर लिहिते, म्हणजे पुढच्या कोणाला उपयोग होईल. हातोडी_पाना दादा सकाळी आठला आले, सोबत टेप, जुनी चादर आणि बॅटरी. आधी त्यांनी पुढच्या दोन्ही सीट सरकवून घेतल्या, कारण उलटी सीट पुढच्या सीटच्या पाठीला किती लागते हे आमच्या लक्षातच आलं नव्हतं. यांना दोन खाचा पुढे सरकावं लागलं. उंची पाच फूट नऊ, गुडघे जरा वर आले, पण ब्रेकवर पाय नीट पडतो, ते आधी तपासलं.

उजवा बेस आयसोफिक्सवर पाच मिनिटांत लागला. दोन्ही बाजूंचे हिरवे ठिपके दिसेपर्यंत ढकलायचा आणि मग टेकू-पाय फरशीला टेकवायचा. डाव्या बेसने मात्र पाऊण तास खाल्ला. दादांनी गुडघ्याने बेस गादीत दाबला, यांनी पट्टा ओढला, मी लॉकची चिमटी बंद केली. पहिल्या वेळी हलवला तर तीन बोटं हलला. सोडला, परत. दुसऱ्यांदाही नाही. तिसऱ्या वेळी कळलं की खांद्याकडचा पट्टा ओढण्याआधी मांडीकडचा ढील काढून घ्यायला हवा, नाहीतर ढील आतच अडकून राहतो. मग मात्र असा घट्ट बसला की बेस हलवला तर अख्खी गाडी हलते. दरवाज्याकडे बरोबर दोन सेंमी सरकलाय.

मधे बूस्टर. पाळणा-सीट ४४, ४४ आणि बूस्टर ४१, बेरीज १२९. हातटेकूपाशी जागा १२७, गादीवर तर १२५. आणि तरी लेकीच्या दोन्ही बाजूंना माझे हात सरळ आत जातात. फणसाच्या गऱ्यांचं मी यांना आधी सांगितलं होतं, विश्वास बसला नव्हता, आता बसला.

चढायचा क्रम ठरलाय. दोन्ही पाळणे बाहेर. लेक डाव्या दरवाज्यातून बेस ओलांडून मधे जाते, बसते, पट्टा ती स्वतः ओढते आणि बकल मी लावते. पट्टा मांडीवर खाली, पोटावर नाही, आणि खांद्याच्या हाडावरून, मानेला घासत नाही. मग डावं बाळ टक्क, उजवं बाळ टक्क. पहिल्यांदा अकरा मिनिटं लागली, संध्याकाळपर्यंत चारवर आली. उतरताना उलटा क्रम. बाळांचे पट्टे आवळल्यावर खांद्यापाशी पट्ट्याची घडी चिमटीत येते का बघते, येत नसेल तर बरोबर.

दुपारी जुन्या पादरा रस्त्याने एक फेरी मारली. लेक पहिली दहा मिनिटं रुसली, पुढे डोकं काढून उभं राहता येत नाही म्हणून. मग तिला शोध लागला की उलट्या बसलेल्या दोन्ही भावांची तोंडं तिच्याचकडे आहेत. आतापर्यंत ती मधे असायची आणि बाळं आमच्याकडे तोंड करून. आता दोघंही तिच्याकडे बघून हसत होती आणि ती त्यांना अडगुलं मडगुलं म्हणून दाखवत होती. घरी येईपर्यंत तिने एकदाही पट्ट्याची तक्रार केली नाही.

सासूबाईंनी त्यांच्या जुन्या सुती नऊवारीचे तीन चौकोन कापून कडा शिवून ठेवल्यात, उन्हात झाकायला. गरनाळ्यापलीकडे, ही तुमची कल्पना.

पुढच्या वर्षी बाळं १३ किलोची झाली, किंवा डोकं सीटच्या वर आलं, की हे सगळं परत मांडावं लागणार हे माहीत आहे. तेव्हा इथेच येईन.


रावपुऱ्याचे_आजोबा | सोमवार, सकाळी ६:५०

वाचलं. दोनदा वाचलं. तुझ्या सासूबाईंना माझा नमस्कार सांग.

दिवाळीला माझा मुलगा पुण्याहून येतो, दोन नातवंडं आहेत, चार वर्षं आणि दीड वर्ष. गाडी इथलीच, माझी, जुनी. मधल्या जागेला फक्त कमरेचा पट्टा आहे, खांद्यावरून येणारा नाही. तिथे कोणाला बसवता येईल?


हातोडी_पाना | सोमवार, सकाळी ८:१५

आजोबा, नुसत्या कमरेच्या पट्ट्यावर बूस्टर चालत नाही, पुढच्या झटक्यात मूल कमरेत दुमडतं. पाळणा-सीटलाही बहुतेक करून पूर्ण पट्टा लागतो. पण तुमची नातवंडं दोनच आहेत. दोघांना दोन्ही कडांना बसवा, तिथे पूर्ण पट्टे असतील. मधली जागा अरुंद होईल, पण आजी अंगाने बारीक असतील तर कमरेचा पट्टा लावून गावातल्या गावात बसू शकतील, दोन्ही हात दोघांच्या पायांवर ठेवून. लांबच्या प्रवासाला त्यांना पुढची सीट द्या, तिथे पूर्ण पट्टा आहे.

गाडीचं नाव आणि साल कळवा. दसऱ्याच्या आधी एका रविवारी टेप घेऊन येतो.